संहिता सर्वांत शेवटी : हबीब तन्वीर यांचे नाटक कसे घडत असे

नाटक कसे तयार होते, या प्रश्नाचे आपल्याकडचे उत्तर ठरलेले आहे. नाटककार लिहितो, दिग्दर्शक संहिता निवडतो, पात्रयोजना होते, वाचने होतात, नट पाठांतर करतात, मग हालचाली बसवल्या जातात, संगीत, नेपथ्य, प्रकाश येतात आणि रंगीत तालमीनंतर पडदा उघडतो. छत्तीसगडच्या हबीब तन्वीर यांनी पन्नासहून अधिक वर्षांच्या कामात हा क्रम हळूहळू उलटा करत नेला. त्यांच्या गाजलेल्या नाटकांत आधी नट, मग गोष्ट आणि गाणी, आणि लिहिलेली संहिता सर्वांत शेवटी. या उलट्या क्रमापर्यंत ते कसे पोचले आणि त्यातली प्रत्येक पायरी नेमके काय काम करत होती, ते सावकाश पाहू.

रायपूर, नागपूर, मुंबई

हबीब अहमद खान यांचा जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूरला झाला. वडील मूळचे पेशावरचे. ‘तन्वीर’ हे कवितेसाठी घेतलेले टोपणनाव. पुढे तेच आडनावासारखे चिकटले. शाळा रायपूरची, पदवी मात्र नागपूरच्या मॉरिस कॉलेजची. रायपूर त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती, तेव्हा तिकडच्या मुलाने शिकायला नागपूरला येणे हे नेहमीचेच होते. १९४४ मध्ये बी.ए. झाल्यावर काही काळ अलीगढला काढून १९४५ मध्ये ते मुंबईत आले. रेडिओवर नोकरी, चित्रपटांसाठी गीते, छोट्या भूमिका आणि त्याच्या जोडीला प्रगतिशील लेखक संघ व इप्टा (भारतीय जननाट्य संघ), असे ते दिवस होते. १९४८ नंतर इप्टाचे अनेक पुढारी तुरुंगात गेले तेव्हा मुंबईतले संघटनेचे काम काही काळ तन्वीर यांच्यावर आले.

मुंबईच्या इप्टात भाषावार पथके होती. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर तमाशा आणि पोवाड्यातून गिरणगावापुढे कामगारांचे प्रश्न मांडत होते, तो हाच काळ. लोककलेत आजचा मजकूर सामावतो, हे तन्वीर यांना त्या वातावरणात दिसले. पण त्यांच्यात आणि अण्णाभाऊंत एक मोठा फरक होता. अण्णाभाऊंना तमाशा घरातून मिळाला होता. तन्वीर हे उर्दूत कविता करणारे, शहरात शिकलेले गृहस्थ. लोककला त्यांच्या अंगात नव्हती, तिच्यापर्यंत त्यांना दुसऱ्यांच्या हातून पोचावे लागणार होते. त्यांची पुढची सगळी धडपड या एका गोष्टीतून समजते.

‘आग्रा बाजार’ : पहिला सुगावा

१९५४ मध्ये ते दिल्लीला गेले आणि त्याच वर्षी ‘आग्रा बाजार’ आले. विषय होता नजीर अकबराबादी हा आग्र्याचा जुना कवी. काकडी, लाडू, सण, जत्रा, असल्या साध्या गोष्टींवर लिहिणारा. त्यामुळे बड्या समीक्षकांनी त्याला कवींच्या पंक्तीत बसवले नाही. लोकांनी मात्र त्याच्या कविता तोंडी जपल्या.

अशा कवीवर चरित्रनाटक लिहायचे तन्वीर यांनी टाळले. त्यांनी एक बाजार उभा केला. मंदीचे दिवस आहेत, काकडीवाल्याची काकडी खपत नाही. त्याच्या डोक्यात येते, काकडीवर एखादी कविता मिळाली तर गाऊन विकता येईल. तो कवींच्या मागे लागतो. पुस्तकाच्या दुकानावर बसणारे शायर त्याला हाकलतात. शेवटी नजीरकडून त्याला कविता मिळते, काकडी विकली जाते आणि मग लाडूवाला, टरबूजवाला, सगळेच आपापली कविता गाऊ लागतात. एका बाजूला पुस्तकाचे दुकान, दुसऱ्या बाजूला पतंगाचे. एकीकडे पंडिती, दुसरीकडे रस्त्यावरचे रसिक. नजीर स्वतः मंचावर एकदाही येत नाही. त्याच्या कविता येतात, त्या गाणारे फकीर येतात.

हे नाटक करताना त्यांनी जामिया मिलियाचे विद्यार्थी घेतले आणि शेजारच्या ओखला गावातले लोकही घेतले. बाजारात वावरण्याची सवय असलेला माणूस मंचावरच्या बाजारात आणला, की त्याला बाजार शिकवावा लागत नाही, हे तिथे पहिल्यांदा कळले. पण हे कळणे अर्धेच होते. नाटकाला आधार नजीरच्या छापील कवितांचा होता आणि गावकरी बहुतेक गर्दीत होते. अख्खे नाटक त्यांच्या खांद्यावर टाकून पाहणे अजून दूर होते.

लंडनहून परत रायपूरकडे

१९५५ मध्ये तन्वीर इंग्लंडला गेले. लंडनच्या रॅडा या प्रसिद्ध संस्थेत अभिनय, नंतर ब्रिस्टलच्या ओल्ड विक नाट्यशाळेत दिग्दर्शन. मग युरोपभर भटकंती, आणि त्यात बर्लिनचा दीर्घ मुक्काम. जर्मन नाटककार बर्टोल्ट ब्रेख्त १४ ऑगस्ट १९५६ला वारला होता, पण त्याच्या मंडळींचे प्रयोग जोरात चालू होते. ते तन्वीर यांनी एकामागून एक पाहिले.

ब्रेख्तपासून आपल्याकडे अनेकांनी फलक, निवेदक आणि भडक प्रकाश घेतला. तन्वीर यांनी घेतलेली गोष्ट वेगळी होती. बर्लिनची मंडळी आपल्या माणसांच्या बोलीत, आपल्या गाण्यांतून, गुंतागुंतीचा विचार सोपा करून सांगत होती. तेच छत्तीसगडमध्ये करायचे तर माणसे, बोली आणि गाणी छत्तीसगडचीच हवीत, हा सरळ हिशेब होता.

१९५८ मध्ये ते परतले आणि रायपूरला जाऊन रात्रभर नाचा हे तिथले लोकनाट्य पाहिले. त्यातले सहा कलावंत त्यांनी दिल्लीला नेले. ठाकुरराम, मदनलाल, भुलवाराम, लालूराम ही नावे पुढे भारतीय रंगभूमीवर मानाने घेतली गेली. त्यांना घेऊन त्यांनी शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ हिंदीत ‘मिट्टी की गाडी’ या नावाने केले. पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, मोनिका मिश्र आणि इतर सहकाऱ्यांबरोबर दिल्लीत ‘नया थिएटर’ स्थापन झाले. मोनिका मिश्र नंतर त्यांच्या पत्नी झाल्या.

नाचा कसा चालतो

पुढची अडचण कळायला नाचा समजून घ्यावा लागतो. रात्रीच्या जेवणानंतर गावच्या मोकळ्या जागेत तो सुरू होतो आणि पहाटेपर्यंत चालतो. गाणी आणि नृत्ये होतात, त्यांच्या अधेमधे छोटी प्रहसने होतात. या प्रहसनांना ‘गम्मत’ म्हणतात. विनोदी पात्र ‘जोक्कड’, आणि स्त्रीवेशातला पुरुष ‘परी’. जुन्या काळी वादक वाद्ये कमरेला बांधून उभ्यानेच वाजवत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजनांदगावजवळच्या रवेली गावच्या दाऊ मंदराजी यांनी मंडळी बांधून नाचाला शिस्त आणली, पेटी आणली आणि सामाजिक विषय आणले. विदर्भाच्या पूर्वेकडच्या वाचकाला यात खडी गंमत आणि दंडार दिसेल, आणि ते साहजिकच आहे. मधे फक्त राज्याची हद्द आहे.

गम्मतीला लिहिलेली संहिता नसते. कोणती गोष्ट, कोणामागून कोण येणार, कुठे गाणे आणि शेवट काय, एवढे ठरलेले असते. संवाद त्या रात्री, त्या प्रेक्षकांसमोर होतात. प्रेक्षक हसले तर प्रसंग लांबतो, कंटाळले तर गुंडाळला जातो. कोणी मधेच काही ओरडले तर त्यालाही उत्तर मिळते. म्हणून नाचाचा नट एकाच वेळी नट, विनोदकार आणि थोडाफार लेखक असतो. त्याची सगळी तयारी ऐकण्यात आणि लगेच उत्तर देण्यात असते.

दहा-बारा वर्षांची अडचण

आता अशा नटाला लिहिलेली हिंदी वाक्ये द्या. त्यातले बहुतेक निरक्षर, त्यामुळे वाक्ये ऐकून पाठ करायची. छत्तीसगढी ही त्यांची रोजची भाषा, हिंदी परकी. त्यातच दिग्दर्शक इंग्लंडमध्ये शिकून आलेला : या वाक्याला तीन पावले उजवीकडे, त्या वाक्याला मागे वळायचे, इथे थांबायचे. नट गोंधळून जाई. गावात हजारोंना खिळवून ठेवणारा माणूस दिल्लीच्या मंचावर अडखळू लागला.

साठच्या दशकाचा बराचसा काळ या अडचणीत गेला. दोष नटांचा नव्हता आणि त्यांच्या गावंढळपणाचाही नव्हता. त्यांच्याकडे जे होते, ते हिंदी आणि आखलेल्या हालचाली या दोन गोष्टींनी बंद करून टाकले होते. हे तन्वीर यांना पटले तेव्हा, १९७०च्या सुमाराला, त्यांनी दोन्ही सोडून दिले. नटांनी छत्तीसगढीत बोलायचे आणि मंचावर जिथे वाटेल तिथे फिरायचे.

त्याच काळात मराठीत ‘घाशीराम कोतवाल’ आले. १९७२ला पुण्यात तेंडुलकरांच्या संहितेवर जब्बार पटेलांनी शहरी तरुण नटांकडून खेळे-दशावताराच्या अंगाने अप्रतिम काम करून घेतले. त्यानंतर थोड्याच काळात चिं. त्र्यं. खानोलकरांनी रूपांतरित केलेला ब्रेख्त ‘अजब न्याय वर्तुळाचा’ म्हणून विजया मेहतांनी केला. दोन्हीकडे लोककला शहरी नटांनी शिकून घेतली होती. तन्वीर यांच्याकडे उलटे होते. लोककलावंत जसेच्या तसे मंचावर होते आणि शिकणारा दिग्दर्शक होता. दोन्ही मार्गांनी मोठी नाटके झाली. पण दोघांच्या तालमीत होणारे काम पूर्ण वेगळे होते.

तालमीची पायरी-पायरी

१९७३ मध्ये रायपूरला नाचाच्या कलावंतांचे महिनाभराचे शिबिर झाले. शंभराहून अधिक कलावंत आले. कार्यपद्धती तिथे पक्की झाली आणि तिथूनच ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दमाद’ हे नाटक निघाले.

पहिली पायरी : आधी जमवाजमव. शिबिरात कलावंतांनी आपल्याला येणाऱ्या गम्मती आणि गाणी करून दाखवायची. दिग्दर्शकाने पाहायचे. कोणते प्रसंग जिवंत आहेत, कोणत्या नटाला काय साधते, कोणत्या गावच्या चाली वेगळ्या आहेत, याची ही मोजदाद.

दुसरी पायरी : जोडणी. ‘गाँव के नाँव…’ तीन जुन्या गम्मती एकत्र शिवून झाले. प्रत्येकीत तरुण-तरुणीचे प्रेम आणि मधे आडवा येणारा म्हातारा किंवा पैसा असा धागा होता, तोच ओढून तिन्ही बांधता आल्या. जिथे जोड बसत नव्हता तिथे नवा प्रसंग हवा, आणि तोही नटांनीच उभा करायचा.

तिसरी पायरी : प्रसंग सांगून नटांवर सोडणे. अमुक माणूस येतो, त्याला तमुक हवे आहे, हा त्याला देत नाही, एवढेच सांगायचे. संवाद नट करतात. हाच प्रसंग पुन्हा, उद्या पुन्हा. दर वेळी काही वाक्ये गळतात, काही टिकतात.

चौथी पायरी : कापणे. दिग्दर्शकाचा खरा हात इथे दिसतो. रात्रभराच्या नाचाला पसरायला वाव असतो. शहरातल्या प्रयोगाला दोन तास. कोणता विनोद गोष्टीला पुढे नेतो आणि कोणता नुसता रेंगाळतो, हे तन्वीर ठरवत. प्रयोगात दिसणारी मोकळीक ही अशी निवडून आणलेली असे. एकदा प्रसंग बसला की तो बऱ्यापैकी पक्का राही, आणि नट त्याच्या आत थोडेसे हलत.

पाचवी पायरी : गाणी, त्यांच्याविषयी पुढे. आणि सहावी, सर्वांत शेवटची : लिहून काढणे. प्रयोग तयार झाल्यावर जी वाक्ये टिकली, ती कागदावर. या नाटकांची पुस्तके वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी. ती प्रयोगाआधीचा आराखडा नाहीत, प्रयोगानंतरची नोंद आहेत.

‘चरणदास चोर’ सुटे करून पाहू

पद्धत सर्वांत स्पष्ट दिसते ती १९७५च्या ‘चरणदास चोर’मध्ये. राजस्थानचे लेखक विजयदान देथा यांनी ऐकून पुन्हा लिहिलेली ही लोककथा. भिलाईतल्या शिबिरात तिचा पहिला, तासाभराहून छोटा अवतार झाला आणि तो सतनामी समाजाच्या मेळाव्यात सादर झाला. मग तो वाढत गेला.

गोष्ट अशी. चरणदास चोर सोन्याचे ताट चोरून, हवालदाराला चुकवत, एका गुरूपाशी येतो. गुरू कोणालाही दीक्षा देताना एखादी वाईट सवय सोडायला लावतो. चोरी सोडायला चरणदास तयार नाही, तो त्याचा धंदाच आहे. मग तो चेष्टेत, कधीच घडणार नाहीत अशा चार गोष्टी सोडतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणुकीत जाणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. गुरू हसतो आणि पाचवी प्रतिज्ञा स्वतः घालतो : खोटे बोलायचे नाही.

इथे गोष्टीचे यंत्र तयार झाले. चार प्रतिज्ञा फुकटच्या, पाचवी खरी. प्रेक्षकाला लगेच कळते की त्या चारही अशक्य गोष्टी एक एक करून चोरासमोर येणार आणि पाचवी त्याला अडकवणार. नटांना असे कथानक मिळाले की सारे सोपे होते : कुठे जायचे ते सगळ्यांना ठाऊक, कसे जायचे ते मोकळे.

पुढे दुष्काळात मालगुजार धान्य दाबून बसतो. राऊत नाच करणाऱ्यांच्या घोळक्यात मिसळून चरणदास त्याचे कोठार लुटतो आणि धान्य गावाला वाटतो. मग मंदिर, आणि शेवटी थेट राजखजिना. तिथून तो फक्त पाच मोहरा उचलतो. खजिन्याचा कारभारी संधी साधून आणखी पाच स्वतःच्या खिशात घालतो आणि दहा गेल्याची बोंब ठोकतो. चरणदास समोर येऊन सांगतो, मी पाच घेतल्या. चोर खरे बोलतो आणि अधिकारी खोटे, हे दाखवायला एकही भाषण लागत नाही, हिशेबच बोलतो.

राणी खूश होते. हत्ती पाठवते, सोन्याच्या ताटात जेवण वाढते, लग्नाची मागणी घालते आणि लग्नाबरोबर राज्यही देऊ करते. चरणदास चारही वेळा नकार देतो. शेवटी राणी विनवते, निदान मी लग्नाचे विचारले हे कोणाला सांगू नकोस. आणि हेच त्याला कबूल करता येत नाही, कारण कोणी विचारले तर खोटे बोलता येणार नाही. राणी त्याला मारून टाकते.

देथांच्या कथेत यापुढे राणी गुरूशीच लग्न करते. कडवट उपरोधाचा शेवट. तन्वीर यांनी तो काढला. त्यांच्या नाटकात चोर मरतो आणि लोक त्याला पूजू लागतात. हा बदल सतनामी संदर्भातून आला. गुरू घासीदासांनी एकोणिसाव्या शतकात उभ्या केलेल्या या पंथात सत्य हेच ईश्वर मानले जाते, आणि पंथाची पंथी गाणी-नृत्ये नाटकभर पसरलेली आहेत. सत्यासाठी मेलेल्या चोराची पूजा ही त्या गाण्यांची स्वाभाविक परिणती ठरते. लिहिताना सुचवलेला शेवट एक असू शकला असता. ज्या लोकांच्या गाण्यांवर नाटक उभे राहिले, त्यांनी त्याला दुसरीकडे नेले.

नाटकाला १९८२ मध्ये एडिंबरा महोत्सवात ‘फ्रिंज फर्स्ट’ पुरस्कार मिळाला. त्याआधी श्याम बेनेगल यांनी या गोष्टीवर मुलांसाठी चित्रपट केला होता. त्यात लालूराम चरणदास झाले आणि राणीच्या भूमिकेत स्मिता पाटील होत्या. मंचावर चरणदास आधी मदनलाल यांनी आणि पुढे गोविंदराम निर्मलकर यांनी गाजवला.

गाणे आणि मोकळा मंच

या नाटकांत गाणे सजावट म्हणून येत नाही. ते तीन कामे करते. एक, वेळ आणि जागा बदलते : गाणे संपेपर्यंत चोर दुसऱ्या गावात पोचलेला असतो. दोन, निवाडा करते : पात्रे जे स्वतः बोलू शकत नाहीत ते गाणारा समूह बोलतो. तीन, नटाला श्वास देते. उत्स्फूर्त विनोदाने सैल झालेला प्रयोग गाण्याच्या तालावर पुन्हा घट्ट होतो. गीते छत्तीसगढी गीतकारांची, चाली बहुतेक शेतातल्या, लग्नातल्या, सणांच्या. ‘बाहेरून’ संगीतकार आणायची गरजच पडत नसे, कारण मंडळीतले निम्मे लोक गात होते.

मंच जवळजवळ रिकामा. एखादा चौथरा, कधी एखादी फांदी. नट एक फेरी मारतो आणि जागा बदलते. तन्वीर यांच्या मते संस्कृत नाटकातही हेच होते : पात्र परिक्रमा करते आणि घरातून रस्त्यावर येते. ‘मृच्छकटिक’ ढिसाळ आहे, स्थळ सारखे बदलते, हा इंग्रजी शिक्षणातून आलेला आक्षेप त्यांना म्हणूनच पटला नाही. देवलांचे संगीत नाटक पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला शूद्रक दालने आणि पडद्यांतून ओळखीचा. तन्वीर यांनी तोच शूद्रक फेरी मारणाऱ्या नाचाच्या नटांतून वाचला.

परक्या नाटकांचे काय

ही पद्धत फक्त गावच्या गोष्टींनाच लागू पडते का, हे त्यांनी वारंवार तपासले. १९७८ मध्ये ब्रेख्तचे ‘सेझुआनची भली बाई’ त्यांच्या हाती ‘शाजापूर की शांतिबाई’ झाले. त्याच वर्षीच्या ‘बहादुर कलारिन’मध्ये छत्तीसगडची एक दंतकथा होती : आई आणि मुलगा यांच्यातले निषिद्ध आकर्षण, मुलाची एकामागून एक लग्ने, आणि शेवटी आईच्याच हातून त्याचा अंत. विनोदात मुरलेल्या नटांना शोकांतिका झेपेल का, याचे उत्तर फिदाबाई या अभिनेत्रीने दिले. १९९३ मध्ये शेक्सपिअरचे ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ हे ‘कामदेव का अपना, वसंत ऋतु का सपना’ झाले. त्यातले नाटक बसवणारे गावचे कारागीर नाचाच्या नटांकडे गेले. रानात तालीम करणारे अडाणी नट साकारायला जन्मजात नटच हवे होते.

‘हिरमा की अमर कहानी’ (१९८५) बस्तरचे महाराज प्रवीरचंद्र भंजदेव यांच्यावर आधारलेले. १९६६ मध्ये ते पोलीस गोळीबारात मारले गेले. आदिवासी, राजा आणि लोकशाही सरकार यांतला कोणीच इथे सरळ नायक नाही. तन्वीर यांना गावातले सगळे गोड वाटत होते, असे म्हणणाऱ्यांनी हे नाटक पाहावे.

लेखक कोण, जबाबदार कोण

या उलट्या क्रमातून एक कायमचा प्रश्न निघतो. ‘चरणदास चोर’चा लेखक कोण? कथा देथांची आणि त्याआधी राजस्थानच्या लोकांची, संवाद बरेचसे नटांचे, गीते इतरांची. काय राहील, काय जाईल आणि कोणत्या क्रमाने, हे तन्वीर यांचे. त्यांच्या बाबतीत नाटककार या शब्दाचा अर्थ एवढाच, आणि तो कमी नाही. पण नाव मुख्यतः त्यांचे लागले, ही बोच खरी आहे. गोविंदराम निर्मलकरांना २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. बाकी अनेक नटांना टाळ्या मिळाल्या, प्रसिद्धी कमी.

उलट बाजूही आहे. ‘पोंगा पंडित’ हे अस्पृश्यतेची टर उडवणारे प्रहसन नाचाचे जुने, तन्वीर यांच्या मंडळींपूर्वीपासून गावोगावी होणारे. १९९२ नंतर त्याच्या प्रयोगांवर हल्ले झाले, २००३ मध्ये मध्य प्रदेशात पुन्हा झाले, आणि दोष मात्र एकट्या तन्वीर यांच्या माथी मारला गेला. ८ जून २००९ला भोपाळमध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सतनामी समाजातून आलेल्या आक्षेपानंतर छत्तीसगड सरकारने ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर बंदी घातली. ज्या समाजाच्या मेळाव्यात नाटकाने पहिले पाऊल टाकले, त्याच समाजातून छापील पुस्तकाला हरकत यावी, यात एक धडा आहे. मेळाव्यात नाटकाबरोबर नट होते, प्रेक्षकांच्या शंकेला तिथल्या तिथे उत्तर होते. पुस्तकात फक्त वाक्ये उरतात.

आणखी एक गोष्ट पगाराची. १९७२ ते १९७८ तन्वीर राज्यसभेचे नियुक्त सदस्य होते, आणि याच काळात नया थिएटर पूर्णवेळ, पगारी मंडळी म्हणून उभे राहिले. संगीत नाटक अकादमी, पद्मश्री, पद्मभूषण हे सन्मान आले. तन्वीर स्वतः चित्रपटांतही काम करत राहिले, नाना पाटेकरांच्या ‘प्रहार’मध्ये मराठी प्रेक्षकांनीही त्यांना पाहिले असेल. पण नाटकाचा कणा होता तो वर्षानुवर्षे एकत्र राहणारी, एकत्र गाणारी, एकमेकांचा श्वास ओळखणारी मंडळी.

मराठीत यातले काय घेता येईल

दिवाळीनंतर वडशाच्या आसपास झाडीपट्टीत रात्रभर नाटके होतात. खडी गंमत, दशावतार, सोंगी भजने अजून चालू आहेत. तिथल्या कलावंतांबरोबर काम करू पाहणाऱ्याला तन्वीर यांच्याकडून तीन गोष्टी थेट उचलता येतात. तालमीच्या पहिल्या दिवसापासून नटाला त्याच्या बोलीत बोलू द्यावे, नंतर ‘शुद्ध’ करण्याच्या बेताने नव्हे. ‘चरणदास’सारखी, पुढची दिशा आधीच बांधून देणारी गोष्ट निवडावी, म्हणजे संवाद मोकळे सोडता येतात. आणि वही शेवटी उघडावी.

चौथी गोष्ट मात्र एका शिबिराने मिळत नाही. उत्स्फूर्त दिसणारा प्रयोग उभा राहायला तीच माणसे वर्षानुवर्षे एकत्र लागतात, त्यांच्या पोटापाण्याची सोय लागते आणि दिग्दर्शकाकडे कापण्याची निष्ठुरता लागते. हा भाग वगळून फक्त ढोलकी, फेटा आणि बोलीतले चार विनोद घेतले, तर लोकनाट्याचे सोंग तयार होते. तन्वीर यांची पद्धत अवघड आहे ती याच जागी, आणि तिथली किंमत मोजणारी मंडळी मिळाली तर ती आजही चालेल.